सगळा आवाज एकाच सकाळी

हळूबाई हे नाव तिला नवऱ्यामुळे पडलं, आणि पाडलंही नवऱ्यानंच. नवरा बसवर कंडक्टर. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या दारापासून थेट ड्रायव्हरच्या कानात शिरेल असा आवाज त्यानं उमेदीच्या वर्षांत कमावला होता. घरी आल्यावर टोपी खुंटीला टांगता येते, आवाज कुठे टांगणार? जेवताना त्यानं मीठ मागितलं की शेजारची माणसं आपापल्या बरणीकडे बघायची. ती आतल्या खोलीत शिवत असायची. मशीन थांबवून म्हणायची, "अहो, हळू." तो म्हणायचा, "हळूच बोलतोय की." तेही गल्लीच्या टोकापर्यंत जायचं.

मग एके दिवशी फाटकाशी उभं राहून त्यानं साऱ्या गल्लीला ऐकवलं, "हिला नावानं कशाला हाक मारता? हळूबाई म्हणा. लग्न झाल्यापासून हिनं मला दुसरा शब्द ऐकवला असेल तर शपथ." झालं. तेव्हापासून पोस्टमनसुद्धा "हळूबाई, सही" असं म्हणायला लागला. ती रागावली नाही. नवऱ्यानं दिलेल्या वस्तू थोड्याच होत्या, त्यात हे नाव त्यातल्या त्यात टिकाऊ, असं ती म्हणायची.

घर गल्लीतल्या बाकीच्या घरांसारखंच. बैठं, पुढे अंगणाची पट्टी, मग कमरेएवढं कुंपण. पुढची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे शिलाईची खोली, कारण उजेड तिकडे चांगला यायचा. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, उसवलेलं सांधणं, ही तिची कामं. नवे कपडे ती शिवायची नाही. म्हणायची, "नवं शिवणाऱ्याला नावं ठेवतात. जुनं नीट करणाऱ्याचे आभार मानतात."

मुलगी लग्न होऊन दूर गेली. कंडक्टर निवृत्त झाला आणि दिवसभर घरातच गाडी चालवायला लागला. "चला, पुढे सरका," असं मांजरालाही सांगायचा. त्याच सुमारास समोरच्या साहेबांनी अंगणातली फरशी उखडून गवत लावलं. हिरवंगार, गादीसारखं. साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, त्यांनी केलं म्हणजे गल्लीला करणं भाग. वर्ष-दोन वर्षांत घरोघर गवत झालं. लोक त्याला खत घालायचे, पाणी घालायचे, आणि ते वाढलं की कापायला माणूस बोलवायचे. कंडक्टर फाटकातून ओरडायचा, "साहेब, दारात जनावर नाही, मग वैरण कशाला पिकवता?" साहेब हसायचे. आतून आवाज यायचा, "अहो, हळू."

आणि मग एका दुपारी तो आवाजच गेला.

झटका आला तेव्हा तो खुर्चीत बसून नखं कापत होता. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. जीभ तोंडात होती, पण तिला कुठलं काम कुणी सांगितलंय हे ती विसरून गेली होती. गिळणंही अधू झालं. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी हळूबाईला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, "पातळ केलेलंच भरवायचं. भरवल्यावर बराच वेळ बसतं ठेवायचं. आणि ठसका लागला तर आधी पुढे वाकवून पाठीवर थापटायचं, मग बाकीचं. यात उशीर चालणार नाही."

त्याची खाट तिनं पुढच्या खोलीत, खिडकीशी लावली. जन्मभर माणसांत वावरलेला जीव, त्याला निदान जाणारी-येणारी दिसावीत. मग प्रश्न उरला हाक मारण्याचा. ती मागे शिवायला बसली आणि त्याला काही हवं झालं तर काय करायचं? तिनं आपलं पितळी अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटाला घालतात ते, त्याच्या डाव्या हाताच्या बोटात चढवलं आणि खाटेच्या लोखंडी नळीवर त्याचं बोट एकदा आपटून दाखवलं. टण्.

त्याच्या अर्ध्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. कंडक्टरला घंटा काय शिकवायची? एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि सलग वाजत राहिली तर गाडी जिथल्या तिथे उभी करा, कुणीतरी सापडलंय. दोन दिवसांत त्यानं त्या नळीवर अख्खी भाषा बसवली. कूस बदलताना पुरे झालं की एक. चमचा पुढे कर म्हणायचं तर दोन. कोपऱ्यावरच्या काकू भेटायला यायच्या आणि आपल्या गुडघ्यांचं पुराण लावायच्या. एकदा पुराण फारच लांबलं तेव्हा त्यानं शांतपणे दोन ठोके दिले.

"काय म्हणतायत हो?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही आलात, बरं वाटलं म्हणतायत," हळूबाई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसली.

त्या ठोक्यांवर दोघांचा संसार पुन्हा उभा राहिला. ती मागे शिवायला बसे, पण तिची शिवण्याची रीत बदलली. चार बोटं शिवायचं, पाय उचलायचा, मशीन थांबलं की कान द्यायचा. काही नाही? मग पुन्हा चार बोटं. गिऱ्हाइकाला कळायचं नाही, पण त्या दिवसांतल्या प्रत्येक शिवणीत असे शेकडो थांबे होते. ठोका आला की हातातलं टाकून ती पुढे. ठोका आला नाही म्हणजे सगळं ठीक. इतकं सोपं गणित होतं ते.

गणित बिघडवलं गवतानं.

तोवर घरोघर कापणारा माणूस वेगळा आणि वारही वेगळा होता. एकाकडे ढकलायचं मशीन, दुसऱ्याकडे खांद्याला अडकवून फिरत्या दोरीनं कडेचं गवत छाटायचं, तिसऱ्याकडे पाठीवर घेऊन कापलेलं गवत न् पानं उडवायचं ब्लोअर. सगळी पेट्रोलवर चालणारी, आणि सगळी एकाहून एक बेसूर. सोमवारी डावीकडे, मंगळवारी समोर, गुरुवारी मागच्या बाजूला. मशीन सुरू झालं की खिडकीची काच थरथरायची आणि हळूबाईचे कान आंधळे व्हायचे. पाय उचलून थांबण्यात अर्थच उरायचा नाही. मग ती उठून पुढे जाऊन बघून यायची. बसायची, पुन्हा उठायची. एका गिऱ्हाइकाची बाही तिनं उलटी जोडली. कधी नव्हे ते.

ती फाटकाफाटकात जाऊन सांगू लागली. जात्याच मऊ बोलणारी, त्यात गरज आपली.

साहेब म्हणाले, "हळूबाई, गवत काय कुजबुजून कापायचं?"

काकू म्हणाल्या, "तुमचं खरंच आहे हो. पण आमचा माणूस शनिवारीच मिळतो. त्याला दुखावलं तर तोही जायचा."

साहेबांकडे येणारा मशीनवाला त्यातल्या त्यात समजूतदार. चाळिशीचा, कानात कापसाचे बोळे घालणारा, बोलताना जरा वरच्या पट्टीत लागणारा. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्यासाठी हळू चालवलं असतं. पण याला हळू असा गिअरच नाही. एक चालू आणि एक बंद."

उपाय तिला शिवतानाच सुचला. शिवणारी बाई काळा दोरा ओवला की काळ्या कपड्यांची सगळी कामं एका बैठकीत उरकते. घडीघडी दोरा बदलत बसली तर दिवस दोरा ओवण्यातच जाईल. मग गल्लीत रोज नवा दोरा कशाला? सगळ्या घरांचं गवत एकाच माणसानं, एकाच सकाळी कापावं. आठवड्यातून एकदा काय तो धुमाकूळ होऊ दे, बाकीचे दिवस मोकळे.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गल्लीनं फाटे फोडले असते. पण पलंगावर पडलेल्या माणसाची बायको दारात उभी राहून सांगतेय म्हटल्यावर नाही म्हणायला जीभ रेटेना. शिवाय रोजची कटकट सगळ्यांनाच नको होती, फक्त पुढे होऊन बोलायला कुणी नव्हतं. बुधवार ठरला. मशीनवाल्यानं आपले दोन मेहुणे आणि आणखी एक-दोघं जोडीला घेतले. हळूबाईची एकच अट होती. तिच्या खिडकीशेजारच्या पट्टीत ब्लोअर आणायचं नाही, तिथली पानं झाडूनं काढायची, कारण खिडकीची खालची फट बुजत नाही आणि धूळ थेट खाटेवर येते. मशीनवाल्यानं ते मान्य केलं. साहेबांनी या सगळ्याला "हळूबाई योजना" असं नाव ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आपणच मंजूर केल्यासारखी सांगू लागले.

योजना खरंच नामी ठरली. बाकीच्या दिवसांत गल्ली इतकी निवांत असायची, की मागच्या खोलीतून तिला अंगुस्तानाचा ठोकाच काय, त्याआधी हात वर घेताना होणारी पांघरुणाची सळसळही ऐकू यायची, निदान तिला तसं वाटायचं. आणि बुधवारची सकाळ तिनं त्याच्या नावानं काढून ठेवली. त्या दिवशी शिवण नाही, धुणं नाही. मशीनं सुरू व्हायच्या आत खिडकी लावायची आणि खाटेजवळ बसायचं. त्याची दाढी करायची, नखं कापायची, पायांना तेल लावायचं. एवढ्या गोंगाटात बोलणं शक्यच नसायचं, त्यामुळे एकाला वाचा नाही हे त्या वेळेपुरतं दोघंही विसरायची. फार रंगात आला तर तो बाहेरच्या आवाजाकडे डोळ्यानं खूण करून नळीवर दोन ठोके द्यायचा. ठोके तिला ऐकू यायचे नाहीत, दिसायचे. चला, पुढे चला. ती हसायची. मशीनवाले निघून गेले की मग ती त्याला वाटीतलं पातळ भरवायची.

त्या बुधवारी दव फार पडलं होतं. ओलं गवत मशीनच्या पात्याला लडबडतं, म्हणून मशीनवाला माणसांसकट कोपऱ्यावर ऊन चढायची वाट बघत बसला. हळूबाईला हे कुणी सांगितलं नाही. सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. ती आपली खिडकी लावून, दाढीचं सामान मांडून बसून राहिली. गल्ली शांत. त्याची भरवायची वेळ टळत चालली. त्यानं वाटीकडे बघून दोन ठोके दिले, थोड्या वेळानं पुन्हा दिले. आज काही येत नाहीत असं दिसतंय, असं म्हणून तिनं त्याला भरवलं आणि पाठीशी उशा रचून बसतं केलं.

वाटी विसळून ती परत आली आणि मशीनं सुरू झाली. उशीर झालेला, त्यामुळे सगळी एकदम.

ती शिरस्त्याप्रमाणे खाटेजवळ बसली. पण मशीनवाल्यानं त्या दिवशी एक नवा माणूस आणला होता, त्याला अटीबिटी ठाऊक नव्हत्या. तो पाठीवर ब्लोअर घेऊन सरळ त्यांच्या पट्टीत शिरला. गवताचा चुरा न् धूळ काचेवर आदळली आणि खालच्या फटीतून आत आली. कंडक्टरनं डोळे मिचकावले, जरासा खोकला. तिनं फटीत टॉवेल कोंबला, काचेवर हात आपटला. त्या माणसाच्या कानांवर झाकणं, डोळ्यांवर चष्मा, आणि पाठ खिडकीकडे.

"आलेच हं," ती नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. त्यानं बोट उचलून नळीवर दोनदा आपटलं. जा.

तिनं त्या माणसाच्या खांद्याला हात लावला तसा तो दचकून मागे फिरला. ती सांगायला लागली, त्याला एक अक्षर कळेना. त्यानं समोर बोट दाखवलं, काय ते मालकाला सांगा. मालक म्हणजे मशीनवाला, तो साहेबांच्या कुंपणाशी कडा छाटत होता. ती तिथवर गेली. साहेब बाहेर उभे राहून देखरेख करत होते, काकू तिथल्याच फाटकाला टेकल्या होत्या.

"ब्लोअर आणायचं नाही असं ठरलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ब्लोअर."

मशीनवाल्यानं हातातलं मशीन बंद केलं, पण बाकीची सुरूच होती. "वहिनी, आधीच उशीर झालाय. एवढ्याशा पट्टीला झाडू घेऊन कोण बसणार? दोन मिनिटांत उडवतो म्हटलं त्यानं."

"धूळ त्यांच्या नाकातोंडात जातेय."

"आँ?"

साहेब मधे पडले. "अहो हळूबाई, योजना तुमचीच. एकदाचं उरकून घेऊ दे की त्यांना."

जन्मभर ज्या बाईनं आवाज चढवला नव्हता ती त्या चार मशीनांच्या वर आवाज काढून ओरडली, "बंद करा आधी सगळं. मला बोलायचंय."

काकूंना हसू आलं. साहेब म्हणाले, "बापरे, कंडक्टरची बायको शोभता." मशीनवाल्यानं हात वर करून माणसांना खूण केली. एक मशीन बंद झालं, मग दुसरं, मग तिसरं. शेवटी ब्लोअर घरघरत थांबलं.

गल्लीत एकदम शांतता पसरली. सवयीनं तिची मान घराकडे वळली. शिवताना चार बोटांवर पाय उचलून द्यायची तसा तिनं कान दिला. काही नाही. ठोका नाही, खोकला नाही.

म्हणजे ठीक आहे.

मग ती बोलली. नीट, सावकाश, सगळं बोलली. ठरलेलं ते ठरलेलं. यायला उशीर होणार असेल तर आधी दारावर सांगून जायचं. नव्या माणसाला आणलं तर आधी अटी समजावायच्या. आजारी माणूस सगळ्यांच्याच घरात कधी ना कधी असतो. मशीनवाला मान खाली घालून हो हो म्हणत होता. साहेबांनी "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणून बाजू बदलली. काकू म्हणाल्या, "आज खरी फॉर्मात आहात," आणि तीही जराशी हसली. मनातलं इतक्या लोकांसमोर बोलून टाकलं आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं, हे तिच्या आयुष्यात क्वचितच घडलं होतं. मशीनवाल्यानं स्वतः जाऊन नव्या माणसाच्या हातात झाडू दिला. ती घरी आली ती घाई न करता. चपलेला ओलं गवत चिकटलं होतं, ते दाराच्या फडक्याला पुसलं.

तो उशांवरून डावीकडे कलंडला होता. मान मुडपलेली, तोंड निळं-काळं. तिनं त्याला ओढून बसवलं, पुढे वाकवलं, पाठीवर मारत राहिली. कितीतरी वेळानं घशातून काहीतरी बाहेर पडलं आणि शिट्टीसारखा श्वास आत गेला. त्यानंतर ती किंचाळली म्हणतात. तिला ते आठवत नाही. साहेबांनी गाडी काढली.

अंगुस्तान तिला तिसऱ्या दिवशी, कपडे न्यायला घरी आली तेव्हा, खाटेखाली सापडलं. खाटेच्या नळीवर एका ठिकाणी रंगाचे पोपडे उडून लोखंड उघडं पडलं होतं आणि त्यावर रक्त वाळलं होतं. त्याच्या बोटाच्या सांध्यावरची साल का गेली हे दवाखान्यात कुणाला समजलं नव्हतं. मशीनं चालू होती तेव्हा तो वाजवत होता. अंगुस्तान निसटलं तरी नुसत्या बोटानं वाजवत होता. आणि मशीनं थांबली तेव्हा त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

तो वाचला. छातीत कफ झाला, दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले, पण खाटेवर परत आला. हळूबाईनं अंगुस्तान घासून पुसून त्याच्या बोटात घातलं. त्यानं घालू दिलं. ती मागे गेली, शिवायला बसली, चार बोटांवर थांबली. काही नाही. पुन्हा चार बोटं, काही नाही. बऱ्याच वेळानं पुढे जाऊन बघते तर त्याचं अंथरूण केव्हाचं ओलं झालेलं आणि तो छताकडे बघत पडलेला. अंगुस्तान उशीपाशी काढून ठेवलेलं.

"ठोका का नाही दिलात?"



असं रोज होऊ लागलं. तहान लागली तरी नाही, कूस दुखली तरी नाही. तिनं डॉक्टरांना गाठलं. त्यांनी हात उचलून बघितला, बोटं दाबली, चमचा धरायला लावला. म्हणाले, "हाताला काही झालेलं नाही. जोर होता तेवढाच आहे. वाजवत नाहीत, इतकंच."

गल्लीला हे सगळं लागलं. साहेबांच्या ओसरीवर सगळी जमली आणि मशीन गल्लीत आणायचंच नाही असं एकमतानं ठरलं. मशीनवाल्याचं काम गेलं. सुरुवातीला काहींनी कात्रीनं गवत कापून बघितलं, मग कंटाळली. गवत वाढलं, पोटरीला लागायला लागलं, पिवळं पडून आडवं झालं. गल्लीत आता पान पडलं तरी कळायचं. साहेबांच्या अंगणातला नळ ठिबकतोय हे मागच्या खोलीत बसून हळूबाईला सांगता आलं असतं. जिच्यासाठी तिनं फाटकंफाटकं पालथी घातली ती शांतता अशी न मागता, तीही सगळ्या वारांची, तिच्या पदरात पडली. ती घेऊन करायचं काय?

एक दिवस मशीनवाला भेटायला आला. खाटेजवळच्या स्टुलावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. पैशांचं, कामाचं काही बोलला नाही. जायला उठला तेव्हा दारात तिला म्हणाला, आपल्या त्या वरच्या पट्टीत, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. मशीनं बंद झाली तेव्हा मीही कान दिला होता. खरंच काही आवाज नव्हता."

"हळू," ती म्हणाली. "ऐकतायत ते."

तो ओशाळला. दोघांनी वळून बघितलं. कंडक्टरनं डोळे मिटून घेतले होते.

त्या संध्याकाळी त्याचं तोंड पुसताना तिनं विचारलं. "माझ्यावर राग आहे का तुमचा? असला तर असू दे. मारायचं तर मारा. पण मला बोलवा हो. मी नाही आले एकदा. एकदाच नाही आले ना?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, तेच तिला झेपलं नाही. उतारूंनी भरलेल्या गाडीत रस्त्यावर हात करणाऱ्या माणसाकडे कंडक्टर बघतो तसं बघितलं. दिसतोय, पण गाडी थांबणार नाही. मग त्यानं तो चांगला हात हळूच पांघरुणाखाली ओढून घेतला.

तिनं शिलाईचं मशीन ओढत ओढत पुढच्या खोलीत आणलं. पण ते सुरू केलं की तो डोळे घट्ट मिटायचा, कपाळाला आठ्या पडायच्या. दोन दिवसांत तिनं ते झाकून ठेवलं. आता ती फक्त हातशिलाईची कामं घेते. काजं, बटणं, घोळाची दुमड. ती कामं थोडी आणि त्यांना लागणारा वेळ फार. तिची शिवण आता तितकी सरळही राहिली नाही, कारण दर दोन टाक्यांनी नजर वर जाते. कान काही कामाचे उरले नाहीत. ऐकायचं नाही, बघायचं. छाती हलतेय का? ओठांचा रंग काय आहे? पापणी ओली आहे का? झोपतानाही ती त्याच्या छातीवर तळवा ठेवूनच डोळा लावते.

परवा काकू नातीच्या स्कर्टची दुमड घालून घ्यायला आल्या. दारातल्या वाढलेल्या गवतातून वाट काढत, नेसूचं सावरत. आत येऊन बसल्या, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "काही म्हणा, गल्ली कशी शांत झालीय आता. तुमच्यामुळेच."

"हो," हळूबाई म्हणाली. सुई कापडात तशीच ठेवून ती खाटेकडे बघत होती. पांघरूण वर झालं, खाली झालं. मग तिनं पुढचा टाका घातला.